पाण्याचाही उतारा मागा



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की पहिले काम काय होते? ओलावा मोजायचे यंत्र कापसात खुपसले जाते. ८ टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ च्या वर काटा गेला की गाडी परत. जिनिंगवाला रुईचा उतारा किती पडतो ते बघतो. अडत्या ज्वारीचा दाणा तळहातावर घेऊन खडा, माती, कीड शोधतो. शेतकऱ्याच्या घरातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू मोजून, चाळून, पारखून घेण्याची व्यवस्था या देशात पक्की बसलेली आहे.

आता उलट बाजू पाहा. त्याच शेतकऱ्याच्या घरात रोज पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दोन-तीन हंडे पाणी येते. त्या पाण्यात काय आहे याचा लेखी आकडा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? पाणीपट्टीची पावती मिळते. पाण्याचा उतारा मिळत नाही. आमच्या कापसातले पाणी मोजायला गावोगाव यंत्र पोहोचले आहे, आमच्या पाण्यातले शिसे मोजायचे यंत्र मात्र कुठे आहे हेही कोणी सांगत नाही. या अंकात भावाचा आणि विजेचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आम्ही पाण्यातल्या धातूंविषयी लिहीत आहोत, ते यासाठी.

डोळ्याला दिसते ते लोखंड

पाणी चांगले की वाईट हे आपण डोळ्याने आणि जिभेने ठरवतो. हापशीचे पाणी सकाळी पहिल्यांदा लालसर येते, हंड्याच्या तळाशी तांबूस गाळ बसतो, चहा काळा पडतो, पांढऱ्या धोतरावर डाग पडतात. बाया म्हणतात, 'हे पाणी खराब.' ते लोखंड असते. काही वेळा ते जमिनीतूनच येते. पुष्कळदा मात्र ते हापशीच्या खाली सोडलेला लोखंडी पाइप गंजल्यामुळे येते. पाणी थोडे आम्लधर्मी असले की पाइपावरचा जस्ताचा मुलामा आधी जातो आणि मग लोखंड झिजू लागते.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. त्याच्या थोडे वर गेले तर पाणी बेचव लागते, भांडी आणि कपडे खराब होतात, पण माणूस त्याने आजारी पडतो असे नाही. शिवाय लोखंड घालवायला मोठे यंत्र लागत नाही. पाणी उंचावरून धार धरून ओतले, त्याला हवा लागू दिली, काही तास निवळू दिले आणि वरचे पाणी गाळून घेतले तर बरेचसे लोखंड खाली बसते.

लोखंडाचा खरा तोटा वेगळा आहे. लाल पाण्याला कंटाळून माणसे हापशी सोडून उघड्या विहिरीवर किंवा नाल्यातल्या झिऱ्यावर जातात आणि तिथून जुलाब, कावीळ घेऊन येतात. दुसरा तोटा असा की 'लाल नाही म्हणजे चांगले' अशी सवय डोळ्याला लागते. ही सवयच घात करते.

दिसत नाही ते शिसे

शिसे, कॅडमियम, आर्सेनिक. यांना रंग नाही, वास नाही, पाण्यात असतात तेवढ्या प्रमाणात चवही नाही. काचेच्या पेल्यात धरून पाहिले तर पाणी देवाच्या तीर्थासारखे स्वच्छ दिसते. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. हा आकडा आपल्या हिशेबात मांडू. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे दहा टँकर एका ओळीत उभे करा. त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम शिसे असले की मर्यादा गाठली. कॅडमियमची मर्यादा याहून कडक, ०.००३ मिलिग्रॅम, म्हणजे तेहतीस टँकरमध्ये एक ग्रॅम. दहा टँकरमधला एक ग्रॅम कोणत्या आजीच्या जिभेला कळणार?

एवढ्याशा धातूने काय होते? एका दिवसात काही होत नाही. गाव काही वर्षे, दहा वर्षे, वीस वर्षे तेच पाणी पिते, आणि मग होते.

शिसे शरीराला कॅल्शियमसारखे भासते, म्हणून ते हाडात जाऊन साठते. ते रक्त बनण्याच्या कामात अडथळा आणते, रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडाला इजा करते. सर्वात मोठे नुकसान लहान मुलांचे आणि पोटातल्या बाळाचे. वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. मूल शिकण्यात मागे पडते, एका जागी चित्त लागत नाही, आणि गेलेले नुकसान भरून येत नाही. मुलांसाठी शिशाचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातही ज्याच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे शरीर शिसे जास्त ओढून घेते. म्हणजे उपाशी, पांडुरोगी लेकरू दुप्पट मार खाते.

कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि दहा ते तीस वर्षे तिथून हलत नाही. जपानमध्ये जिंत्सू नदीच्या खोऱ्यात वरच्या खाणीतले कॅडमियम नदीतून पाण्यात आणि भातखाचरांत उतरले. तिथल्या शेतकरी बायांची हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडत. तिथल्या लोकांनी त्या दुखण्याला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय', असे नाव दिले. जपान सरकारने त्याचे कारण मान्य केले ते १९६८ साली. तोवर कित्येक जणी कण्हत गेल्या.

आर्सेनिकचे लक्षण आधी कातडीवर दिसते. छातीवर-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके येतात, तळहात-तळपाय जाड आणि खरबरीत होतात. पुढे कातडी, फुप्फुस आणि मूत्राशय यांचा कर्करोग होऊ शकतो.

तपासले नाही ते शून्य झाले

हे नुसते भीतीचे बोलणे नाही. पूर्वेला बंगालमध्ये काय घडले ते पाहा.

हातपंपाशी आपले जुने नाते आहे. सबंध देशात आणि परदेशातही गेलेला 'इंडिया मार्क टू' हा हातपंप ज्या नमुन्यांवरून उभा राहिला, त्यांत जालना आणि सोलापूरच्या पंपांची नावे पहिली घ्यावी लागतात. १९७२ च्या दुष्काळाने बोअर आणि हापशी गावागावांत आणली. तिने पुष्कळ भले केले. पायऱ्यांच्या विहिरी सुटल्या, आणि गाळून पाणी पिण्याची सवय लागली तसा नारू हटला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हापशीला शिव्या देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही.

बांगलादेशातही १९७० नंतर याच चांगल्या हेतूने लाखो कूपनलिका खणल्या गेल्या. तळ्यातले पाणी पिऊन लेकरे हगवणीने मरत होती, ती वाचावीत म्हणून. पंप बसवणाऱ्यांनी पाण्यात जंतू नाहीत हे पाहिले. आर्सेनिक कोणी पाहिले नाही. पश्चिम बंगालमध्ये १९८३ सालीच कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी कातडीवरच्या ठिपक्यांचा धागा कूपनलिकेपर्यंत नेऊन पोहोचवला होता. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती पुढे वर्षानुवर्षे गावोगावचे नमुने गोळा करून ओरडत राहिले. सरकारी कचेऱ्यांना ते ऐकू यायला फार वेळ लागला. बांगलादेशात पाण्यातले आर्सेनिक प्रथम सापडले १९९३ साली. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अंदाज छापून आला : साडेबारा कोटी लोकांच्या देशात साडेतीन कोटी ते सात कोटी सत्तर लाख लोक धोक्यात. इतिहासातली सर्वात मोठी सामुदायिक विषबाधा, असे शब्द त्यात होते.

यातली एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावी. १९९२ साली ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या कूपनलिकांचे पाणी तपासले होते. अनेक घटक मोजले, आर्सेनिक मोजले नाही. पुढे तिथल्या एका पीडिताने लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. २००६ साली तिथल्या सर्वोच्च पीठाने सांगितले की त्या संस्थेवर तशी जबाबदारी येत नाही. दावा बाद झाला. म्हणजे पाणी तपासल्याचा अहवाल आहे, अहवालात विषाचे नाव नाही, आणि नाव नाही म्हणून दोषही कोणाचा नाही! कागदावर जे मोजले नाही ते शून्य समजले जाते. भोगतो तो पिणारा.

मग तिथे तोडगा काय निघाला? २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. सुरक्षित पंपाला हिरवा रंग, विषारी पंपाला लाल. सुमारे १४ लाख पंप लाल निघाले. पुष्कळ ठिकाणी लाल पंपापासून थोड्याच पावलांवर हिरवा पंप होता. अनेक कुटुंबांनी घागर उचलली आणि शेजाऱ्याच्या हिरव्या पंपावर गेली. मोठे धरण नाही, मोठा कारखाना नाही. एक तपासणी आणि एक रंगाचा डबा. जिथे आकडा कळला तिथे माणसाने आपला मार्ग आपणच काढला.

आपल्याकडे धोका कुठे?

बंगालचे आर्सेनिक हिमालयातून वाहून आलेल्या गाळातले आहे. आपला काळा दगड वेगळा. म्हणून बंगालची बातमी वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण निश्चिंत राहण्याचेही कारण नाही. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, आता छत्तीसगडमध्ये असलेल्या राजनांदगाव भागात, गडचिरोलीला लागून, कठीण खडकाच्या मुलुखात आर्सेनिक सापडल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या अनेक गावांत फ्लोराइडने दात आणि हाडे गेली. फ्लोराइड हा धातू नव्हे, पण धडा तोच : दगड बदलला की पाणी बदलते, आणि मोजल्याशिवाय ते कळत नाही.

दुसरा धोका दगडात नाही, पाइपात आहे. पितळ लेथवर सहज कातले जावे म्हणून त्यात शिसे मिसळतात. ते तोट्यांत, व्हॉल्व्हांत, सांध्यांत असते. लोखंडी पाइपावरच्या जस्ताच्या मुलाम्यातही शिसे आणि कॅडमियमचा अंश असू शकतो. पीव्हीसी पाइप उष्णतेत टिकावा म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षे शिशाचे क्षार वापरले गेले. ते बंद करण्याचे नियम केंद्र सरकारने काढले २०२१ साली. त्याआधी जमिनीत गाडलेला पाइप नियम निघाला म्हणून उखडून कोणी बदललेला नाही. आणि आपल्या भागात नळाला रोज पाणी कुठे येते? चार दिवसांनी, आठ दिवसांनी. तोवर पाइपात पाणी तुंबून राहते. जितके तुंबेल तितका धातू जास्त उतरतो.

हे फक्त गरीब देशात होते असे नाही. अमेरिकेत फ्लिंट नावाच्या शहरात एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला. नव्या पाण्याने जुने पाइप झिजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही. पाइपातले शिसे घरोघरच्या नळात उतरले. अधिकारी सांगत राहिले, पाणी ठीक आहे. शेवटी रहिवाशांनी स्वतः बाटल्या भरून विद्यापीठाकडे पाठवल्या, आणि मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे समोर ठेवले. तेव्हा कुठे ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना स्रोत परत जोडला गेला.

आपल्या राज्यातही नजर ठेवण्यासारखे बरेच आहे. २०१० साली विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वांना माहीत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या एका लहान खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मूत्रपिंड निकामी होण्याचा संबंध पिण्याच्या पाण्यातल्या जड धातूंशी जोडलेला होता. मूत्रपिंडाचा प्रत्येक आजार पाण्यामुळेच होतो असे आम्ही म्हणत नाही. साखर, रक्तदाब, अंगदुखीवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, उन्हातली मजुरी, ही सगळी कारणे आहेत. पण आज गावात डायलिसिसचा पेशंट निघाला की आधी त्याच्या दारू-तंबाखूची चौकशी होते, नाहीतर नशिबाची. त्याच्या हंड्याची चौकशी कोणी करत नाही. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्रांचे राख तलाव आणि कारखान्यांचे सांडपाणी यांच्या जवळच्या गावांनी तर ही चौकशी सर्वात आधी करायला हवी.

उकळून, गाळून, विकत घेऊन

'आम्ही पाणी उकळतो.' छान. जंतू मरतील. धातू मरत नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि धातू मागे राहतो. तुरटीने गढूळपणा जातो, ब्लीचिंग पावडरने जंतू जातात, फडक्याने कचरा जातो. विरघळलेले शिसे या तिघांनाही हाती लागत नाही.

मग आरओचा जार. दिवसाला दहा रुपयांचा एक जार धरला तर वर्षाला ३६५० रुपये झाले. कोरडवाहू कापूस करणाऱ्याच्या हिशेबात ही रक्कम लहान नाही. आरओची जाळी नीट असेल तर त्याने बरेच धातू अडतात हे खरे. पण जाळी वेळेवर बदलली का, हे जार विकणारा सांगत नाही. त्या जारचाही उतारा कोणी पाहिलेला नाही. पाणीपट्टी एकदा भरायची, जारचे पैसे वेगळे द्यायचे, आणि दोन्ही पाण्यांत काय आहे ते माहीत नाही. असा दुहेरी व्यवहार शेतकऱ्याशिवाय कोण सहन करील?

हिरवे कार्ड आणि छोटी पेटी

'आमच्या ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड आहे,' असे कोणी सांगेल. लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते ते स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, पावडर टाकण्याची व्यवस्था यांवरून. ते काम मोलाचे आहे, पण त्या कार्डाचा शिशाशी संबंध नाही. २०१९ नंतर जल जीवन मिशनमधून गावागावांत तपासणीची छोटी पेटी आली, पाच-पाच महिलांना तपासणी शिकवण्याची योजना झाली. तीही चांगली गोष्ट. त्या पेटीत लोह, फ्लोराइड, नायट्रेट, क्षार कळतात. शिसे आणि कॅडमियम कळत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतले यंत्र लागते. पेटी ठीक म्हणाली म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. ज्याचे नाव विचारले त्याचेच उत्तर मिळते.

आता करायचे काय?

सरकारकडे यंत्रणा नाही असे नाही. जिल्ह्याजिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. नागपुरात 'नीरी'सारखी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून बसलेली आहे. प्रश्न मागण्याचा आहे. न मागता शेतकऱ्याला आजवर काय मिळाले?

एक. ग्रामसभेत ठराव करा की गावाच्या प्रत्येक पिण्याच्या स्रोताची धातूंसाठी तपासणी व्हावी. ठरावात नावे लिहा : शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, मँगनीज, लोह. त्याच बाटलीतून फ्लोराइड आणि नायट्रेटही मागा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटसाठी देशातल्या ज्या पंधरा जिल्ह्यांची नावे आली, त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे आपले सात आहेत.

दोन. नमुना एकच नको. एक स्रोतावरचा, दुसरा गावाच्या शेवटच्या घरातल्या नळाच्या पहिल्या धारेचा, तिसरा त्याच नळाचा पाणी थोडे वाहू दिल्यानंतरचा. स्रोत चांगला आणि पहिली धार वाईट निघाली तर दोष पाइपाचा. तिन्ही वाईट तर दोष स्रोताचा. बाटली आणि त्यात घालायचे आम्ल प्रयोगशाळेकडूनच घ्या. तेलाच्या, औषधाच्या बाटलीत भरलेला नमुना फुकट जातो.

तीन. अहवालात आकडा, एकक, तारीख आणि ठिकाण हवे. 'पाणी पिण्यास योग्य' एवढा शिक्का चालणार नाही. तो आकडा मर्यादेच्या आकड्याशेजारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. अहवाल दडवला तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये फी आहे आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे.

चार. नव्या योजनेचे पाइप येतील तेव्हा ट्रक रिकामा होण्याआधी पाहा. पाइपावर भारतीय मानकाची खूण आहे का? शिसेविरहित असल्याचे ठेकेदाराने लिहून दिले का? एकदा माती पडली की पुढची तीस वर्षे तेच पाणी.

पाच. स्रोत वाईट निघाला तर आधी त्यावर लाल रंग मारा आणि जवळच्या चांगल्या विहिरीवरून पिण्याचे पाणी सुरू करा. वापरायला लाल हापशी, प्यायला हिरवी. यंत्राचे, योजनेचे भांडण त्यानंतर जोरात भांडू. ज्यांनी न तपासता पाणी दिले, खर्च त्यांनी करावा.

घरातही एवढे पाळा. नळाचे पहिले पाणी पिण्याच्या हंड्यात घेऊ नका. ते बादलीत धरा, भांड्या-धुण्याला लागेल. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार ठेवू नका. कल्हई शुद्ध कथिलाची हवी, शिशाची भेसळ नको. फवारणीच्या औषधाच्या डब्यात पाणी साठवू नका, कितीही धुतला तरी.

हे काम कोण करील? पाणी भरणारी बाई करील. कोणत्या हापशीचा चहा काळा होतो, कोणत्या नळाला बुरशी वास आहे, हे तिला ठाऊक आहे. ग्रामसभेत ठराव मांडायला तिलाच उभे करा.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद घेऊन यावे. पाण्याचा उतारा मिळाला तर तो आणा. मिळाला नाही तर मागणीच्या अर्जाची पोच आणा. जिथे आकडे असतील तिथली लाल-हिरवी यादी आपण बैठकीत करू. जिथे फक्त पोच असेल, त्या गावांची वेगळी यादी करू आणि ती घेऊन सगळे मिळून जिल्हा परिषदेच्या दारात जाऊ. कापसाच्या गाडीत यंत्र खुपसताना कोणी आपली परवानगी मागत नाही. आपल्या हंड्याचा आकडा मागायला आपणही कोणाची परवानगी घेण्याचे कारण नाही.